वाहत्या पाण्यातला निवाडा

पूर्वेला फटफटले, खिरगडाच्या तटावर उन्हाची पहिली तिरीप चढली आणि खाली नदीकाठी गोतसभेची बैठक अंथरली जाऊ लागली, तरी सभानायक नावजी देशमुखांची नजर राहून राहून गडाच्या कड्याकडेच जात होती. कारण तिथे त्यांचा एकुलता एक मुलगा रायाजी मुसक्या बांधलेला उभा होता. गडाचे हवालदार हैबतराव यांचा निरोप स्पष्ट होता: "मयत पाटलांनी मरतेवेळी माझ्यादेखत वतन माझ्या मेव्हण्याच्या पदरात घातले. तसाच निवाडा द्यावा. त्यांच्या विधवेची, साळूबाई पाटलिणीची, बाजू घ्याल, तर माझा तांबडा शेला हलेल आणि पोर कड्याखाली जाईल." देशमुखांचे काळीज थाऱ्यावर नव्हते.

पण हवालदारांची हाव मोठी. गोतावर वचक बसावा म्हणून ते स्वतःच सभेत येऊन बसले.

"बसलात, आनंद आहे," देशमुख म्हणाले. "मग गोताची रीतही पाळावी लागेल. हत्यार, शेला काठावर ठेवून, पाण्यात उभे राहून, बेलभंडार उचलून शपथेवर बोलावे."

"एवढेच ना!" हैबतराव हसले. तलवार आणि शेला त्यांनी काठावर उभ्या असलेल्या आपल्या जुमलेदार बाळोजीच्या हाती दिला.

सारे गोत गुडघाभर पाण्यात उतरले. देशमुखांनी बेलभंडार प्रथम हवालदारांच्याच ओंजळीत ठेवला.

"खंडेरायाला स्मरून सांगा. पाटलांनी वतन तुमच्यादेखत दिले?"

सदरेवर शंभरदा रेटून सांगितलेले ते खोटे आता तोंडातून फुटेना. हैबतरावांचे ओठ हलले, ओंजळ सैल झाली आणि बेलाचे पान निसटून धारेला लागले. साऱ्यांनी पाहिले.

देशमुखांनी एकवार कड्याकडे पाहिले.

"वतन साळूबाईंचे!" आवाज चिरकला, पण शब्द फिरला नाही.

"बाळोजी, शेला हलव!" हवालदार ओरडले.

बाळोजीने शेल्याची घडी करून काखेत मारली. "माफी असावी, सरकार. पान वाहून गेलेले आम्हीही पाहिले."

दुपारी रायाजी गड उतरून आला. नदीकाठी देशमुख ओल्या धोतरानिशी तसेच बसलेले होते.

"आबासाहेब, मी वाचेन हे तुम्हांस ठाऊक होते?"

"नाही रे, बाळा." म्हाताऱ्याला हुंदका आवरेना. "नव्हते ठाऊक."

रायाजीने वडिलांचे भिजलेले उपरणे उचलले, घट्ट पिळले आणि खडकावर वाळत घातले.