एक कोटी एकाचा कौल

मालवणच्या स्टँडवर मथुराच्या हातातलं तिकीट वाऱ्यानं उडालं. ते एका उंच, सावळ्या तरुणानं झेललं आणि... परत द्यायचं सोडून तो वाचतच बसला.

"एक लाख एकावन्न," तो म्हणाला. "अंकांची बेरीज सात, आणि सातानंच भाग जातो. हर्षद संख्या. आनंद देणारी."

हा शहाणा की खुळा, असं म्हणत मथुरा गणित शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पोचली, तर तेच ध्यान शेजारच्या बाकावर! गुरुदास, वेंगुर्ल्याकडच्या शाळेतला. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच झालेला, सगळ्या तालुक्यांतले मास्तर जमलेले, आणि या दोघांचं आपलं भलतंच चाललेलं. तो मोठमोठ्या संख्या द्यायचा, ती त्यांची कुळी सांगायची — ही मूळ, हिला भाग जातो, ही हर्षद. ती चुकली की तो हसायचा, आणि मेलं ते हसणं तिला आचऱ्याला घरी भात वाढतानाही आठवायचं. पण आकड्यांपलीकडे स्वारी एक शब्द बोलेल तर शपथ.

शेवटच्या दिवशी तिनंच सहज बोलल्यासारखं सांगून टाकलं. खारेपाटणचं स्थळ आलंय, उद्या बाबा ग्रामदेवाला कौल लावणार. देवाला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवीकडची आधी पडली की कौल उजवा, आणि लग्न ठरलं. आता तरी बोल रे बाबा...

गुरुदास उठला. खडू घेऊन फळ्यावर त्यानं लिहिलं — १,००,००,००१.

"आपणही कौल लावू," तो म्हणाला. "ही मूळ निघाली तर मी गप्प वेंगुर्ल्याला जाईन. भाग गेला तर... एक विचारीन."

मथुरानं फळ्याकडे पाहिलं. दोन टोकांना एक-एक, मध्ये सहा शून्यं, म्हणजे एकाआड एक अंकांच्या बेरजा सारख्या — हिला अकरानं भाग जातो, हे तिला एका नजरेत दिसलं. ती कसोटी ती वर्गात दर वर्षी घोकून घ्यायची. लबाडानं कौल आधीच उजवा करून ठेवला होता तर! मग तिनंही ठरवलं, याला जरा घाम फोडायचाच.

तिनं आधी तीनचा भाग देऊन पाहिला. जाईना. मग सातानं, अगदी सावकाश, एकेक शून्य खाली उतरवत. बाकी चार. बाहेर शिपाई शंकर किल्ल्या वाजवू लागला. गुरुदासचा जीव टांगणीला लागला होता.

"आता तेरा," ती म्हणाली.

"अगो, अकरा खंय गेले?"

अहो-जाहो कुठल्या कुठे पळालं. मथुरा हसता हसता बाकावर बसली.

"कौलात लबाडी करतात, मास्तर? बरा... आता इचारा."

"माझ्यावांगडा लगीन करशीत?"

"करतलंय," तिनं खडू ठेवला. "पण बाबांका आजच सांगूक होया. उद्या कौल लागतलो."

स्टँडवर वेंगुर्ल्याची शेवटची गाडी सुटायच्या बेतात होती. गुरुदासनं त्या गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. धावत जाऊन तो आचऱ्याच्या गाडीत चढला आणि खिडकीच्या जागेवर मथुरासाठी रुमाल टाकला.