उंबऱ्याबाहेरचे सँडल

मृणाली दुपारचा चहा ठेवत होती, तेवढ्यात लाईट गेली. शेजारच्या कारखान्यातले कापड विणायचे लूम एकदम थांबले. नारपोलीतल्या खडखडाटाची तिला लग्नानंतर आठवड्यात सवय झाली होती. शांततेची अजून व्हायची होती.

आणि त्या शांततेत वरच्या रिकाम्या खोलीत काहीतरी वाजलं. टक्... टक्... उंच टाचा जिन्यावरून सावकाश उतरल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबल्या. दारात कोणीच नव्हतं. जरा वेळाने त्या तशाच वर निघून गेल्या.

मृणाली हातातल्या सांडशीसकट मागे सरकून भिंतीला टेकली. सासूबाई, कमळ, मात्र दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या.

"भिऊ नको, पोरी. आपली रीमा हाय ती. लाईट गेली की येते... एरवी लूमच्या आवाजात कुठं ऐकू येतंय?"

रीमा म्हणजे मृणालीची नणंद. दोन वर्षांपूर्वी तापाने गेलेली.

"आत का येत नाही, आई?"

"काय ठाव... किती हाका मारल्या. एकदा माझ्याजवळ बसली असती तर..." कमळनी चटईवरची शेजारची जागा हाताने पुसली.

मृणालीने पादत्राणांच्या डिझाइनचा कोर्स केला होता. त्यात भुतं नव्हती, पण टाचा होत्या. उंच टाच मुळात घोडेस्वारांची, खोगिराच्या रिकिबीत पाय पक्का बसावा म्हणून केलेली. बायकांच्या वाट्याला घोडा सोडून बाकी सगळं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लख्ख उजेडात तिने वरच्या खोलीतलं रीमाचं कपाट उघडलं. डाळिंबी सँडल. टाचांचं रबर ताजं झिजलेलं. घोट्यावरचे पट्टे आवळलेले, आणि दोन्ही बक्कलं गंजून घट्ट बसलेली.

तिला रडूच आलं. या घरात पायताण घालून चुलीपाशी कोणी जात नाही. आणि रीमाला ते काढताच येत नव्हतं.

शिलाई मशीनचं तेल सोडून, पकडीने हळूहळू तिने बक्कलं मोकळी केली. टाचांना नवं रबर लावलं आणि सँडल परत कपाटात ठेवले.

दोन दिवसांनी दुपारी पुन्हा लाईट गेली. टक्... टक्... उंबऱ्यापाशी आवाज थांबला. बराच वेळ काही नाही. मग बारीक खट्... आणखी एक खट्... आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही. अनवाणी पायांना आवाज कुठला?

"आली गं बाय माझी..." कमळ चटईवर सरकल्या, शेजारी जागा केली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत किती वेळ हसत राहिल्या.

तेव्हापासून जिना वाजला नाही. सँडल उंबऱ्याबाहेर तसेच आहेत. कोणी हलवत नाही.

काल मात्र मृणाली कणीक मळत होती, केस सारखे डोळ्यांवर येत होते. मागून कोणीतरी ते हलकेच गोळा केले, पीळ दिला, अंबाडा बांधला.

कमळ समोर बसून डाळ निवडत होत्या.