केरातला आवाज

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. तेही भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, रेडिओच्या इमारतीच्या तळघरात.

मी तिथे जुन्या तबकड्या कॉम्प्युटरवर उतरवून घेते. आजोबांच्या तरुणपणची बातमीपत्रं असतात ती. खरखर काढायची, आवाज स्वच्छ करायचा. आमचा एक नियम आहे. काढलेली खरखर टाकून देण्याआधी ती वेगळी ऐकायची. चुकून एखादा शब्द तिच्यासोबत गेला असेल तर?

मिस्त्रीकाका तिला केर म्हणतात.

"केर बघून टाक गं. कुणाची अंगठी गेली असेल त्यात."

जुनी यंत्रं तेच चालती ठेवतात, म्हणून मिस्त्री. खरं नाव ऑफिसात कुणी घेत नाही.

त्या दिवसाची तबकडी रातोरात सरकार उलटलं त्या वेळची होती.

"शहरात सर्वत्र शांतता आहे. नागरिकांनी घाबरू नये."

निवेदकाचा आवाज भारदस्त. सुरुवातीला श्वास घ्यायला थांबत होता. मग थांबेचना. बातमीला बातमी जोडत सुटला.

"याची बस चुकत होती वाटतं," काका घास चावत म्हणाले.

मी हसले. आवाज स्वच्छ केला. मग केर लावला.

खरखर…

खरखर…

धप्प.

आणि कुणीतरी कण्हलं.

काकांनी डबा बाजूला सारला. "दोन्ही एकत्र लाव बघू."

लावलं. निवेदक थांबला की धप्प. थांबला की धप्प. ओल्या पोत्यावर दांडकं मारावं तसं. मध्येच एक दबका आवाज…

"वाच. तू थांबलास की याला पडणार."

निवेदकाला कुणी हातही लावत नव्हतं.

"तेव्हा आत आणखी एकच माणूस असायचा," काका हळूच म्हणाले. "यंत्रवाला. माझ्यासारखा." त्यांचा चेहरा उतरला होता. "बंद कर पोरी."

मी बंद केलं.

धप्प.

आमच्या खोलीत.

काकांची मान फाडकन एका बाजूला गेली. ओठातून रक्त आलं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. गप्प.

धप्प.

या वेळी बरगडीत. हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

"लाव!" काका ओरडले. "अगं लाव परत!"

"…दुकाने उघडी आहेत वाहतूक सुरळीत आहे अफवांवर विश्वास ठेवू नये…"

मी थांबवलं होतं तिथून पुढे लावलं. फटका नाही. काका वाकून धापा टाकत होते. मी त्यांना उठवायला गेले. खांदे हलेनात. शर्टावर बोटांच्या चुण्या पडल्या होत्या, कुणीतरी मागून दाबून धरल्यासारख्या…

बोटं दिसत नव्हती.

बातमीपत्र संपलं. मी झटकन पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"शहरात सर्वत्र शां…"

धप्प. धप्प. धप्प.

शिळी बातमी चालत नव्हती.

काकांचा उजवा हात टेबलावर होता. त्या हाताचं काय झालं ते मी लिहिणार नाही.

डब्याखाली त्या दिवसाचा पेपर अंथरला होता. मी तो ओढला आणि मोठ्यानं वाचायला लागले. पाणीकपात. सामन्याचा निकाल. खोली भाड्याने देणे आहे. श्वास शब्दांच्या मध्ये, चोरून घ्यायचा. कागदावर काकांचं रक्त पडलं होतं, तेवढे शब्द मी मनचे घातले. काका डोळ्यांनी सांगत होते, चालू ठेव.

दार उघडलं. आमच्या मॅडम.

"अगं, काय चाललंय हे? काकांना काय झालं?"

मी वर बघितलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं…

शब्दच सापडेना.

तो आवाज मॅडमनीही ऐकला. त्या म्हणतात, खुर्ची पडली.

खुर्ची उभी होती. काका खाली होते.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मारणारे किती जण होते?"



आणि ते इथेही थांबलेलं नाही. काल सिस्टरनी मला वाचताना पाहून बाहेर काढलं. "पेशंटला शांतता हवी." मी दार ढकलून आत घुसेपर्यंत काकांचा डावा डोळा गेला होता. सिस्टर म्हणतात, झटका आला आणि डोकं कॉटच्या दांडीवर आपटलं.

संध्याकाळी काकू आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. स्टूल ओढलं आणि नवऱ्याजवळ बसल्या.

"जन्मभर म्हणालात, तोंडाला कुलूप लाव. आता ऐका बसून!"

तेव्हापासून बोलतायत. भावजयीची भांडणं, शेजारणीचा दात, कुणी कुणाची सायकल पळवली. एक गोष्ट दुसऱ्यांदा नाही. आणि काकांना तेव्हापासून एकही फटका बसलेला नाही.

मी बाहेरच्या बाकावर बसून हे फोनवर लिहितेय. माझा घसा पार बसलाय. दार अर्धं उघडं आहे. काकूंचा आवाजही घोगरा झालाय, पण येतोय. आता त्यांना खोकला आलाय…

अजून खोकतायत…

मी आत चाललेय. तुमच्याकडे काही नवीन असेल तर खाली लिहा. काहीही चालेल. आज काय घडलं, कोण काय म्हणालं, कसलीही बातमी.

मी वाचून दाखवीन. फक्त लवकर लिहा.