चौदा दिवसांचा कोर्स

खरूज या बँडला नवा गिटारवाला हवा होता, म्हणून सोमवारी सकाळी डॉ. लीना बिडकरांच्या प्रयोगशाळेत बारा उमेदवारांच्या शीच्या डब्या रांगेत मांडल्या होत्या. गिटार एकानेही आणली नव्हती. आणायला सांगितलंच नव्हतं. २०५१ साली बँडची भरती अशीच होते. आधी आतडं तपासायचं, हात नंतर.

हे सगळं तालगणामुळे. माणसाच्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यातल्या काही जातींचा एक जथा असा निघाला, की तो ठरावीक ठेक्याने रसायनं सोडतो. आतड्यातून मेंदूकडे एक लांब मज्जातंतू जातो. त्यावरून हा ठेका वर पोचतो आणि मेंदूतलं वेळ मोजणारं घड्याळ त्याच्याशी जुळवून घेतं. या जथ्याला बिडकरबाईंनी तालगण म्हटलं आणि ते नाव रुळलं. एका भांड्यातलं खाणाऱ्या, एका गाडीत झोपणाऱ्या, एकमेकांच्या बाटलीला तोंड लावणाऱ्या माणसांचा तालगण वर्षा-दोन वर्षांत एकच होऊन जातो. मग त्यांच्या वाजवण्यात जी घट्ट वीण येते ती रियाजाने येत नाही. लोक तिला तपश्चर्या म्हणायचे, दैवी देणगी म्हणायचे. शेवटी ती संडासात सापडली.

नव्या माणसाला आता दोन वर्षं थांबावं लागत नाही. जुन्या वादकाची शी धुऊन, गाळून, वाळवून केलेल्या कॅप्सूल एकवीस दिवस गिळायच्या. त्यांना मेळगोळी म्हणतात. स्ट्रॉबेरीचा वास लावलेला असतो. ज्यांना वाचून ओकारी येते त्यांनी जरूर ओकावं. गिळणाऱ्यांना येत नाही.

खरूजच्या मेळगोळ्या ज्याच्यापासून बनत तो माणूस म्हणजे ड्रमर सुकुमार मगदूम, वय चव्वेचाळीस. २०२८ मध्ये मिरजेत चार पोरांनी बँड काढला, त्यातला हा एकटा उरला होता. बाकीचे तिघे गेले, त्यांच्या जागी आलेले सहा जणही गेले. गाणी तीच राहिली, आवाजही तोच. आता बँडची माणसं एकाच घरात राहायची आणि बाहेरचं काही खायची नाहीत. करारच तसा होता. स्टेजवर चार तोंडं आणि पोट एकच.

"पाच नंबरचा घ्या," बिडकरबाई म्हणाल्या. "अठ्ठ्याहत्तर टक्के जुळतो."

"वाजवतो कसा?"

"वाजवेल हो." त्यांनी सुकुमारच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. "दाढ अजून तशीच? पू येतो?"

"येतो. गिळतो."

वादक अँटिबायोटिक घेत नाहीत. दाढेतले जंतू मारणारी गोळी तालगणालाही मारते. खरूजची बेस वाजवणारी अक्षया वर्षभर फुटका कान घेऊन स्टेजवर जात होती. ती कानात कापूस घालायची, तो दुसऱ्या गाण्यापर्यंत पिवळा व्हायचा. तिच्या चाहत्या पोरी आता कानात पिवळा कापूस घालून कार्यक्रमाला येत होत्या.

"तुम्हाला एक गंमत सांगायची राहिली," बाई म्हणाल्या. "खरूजमधून गेलेल्या नऊ जणांचे दवाखान्याचे कागद मी मिळवले. त्यांना विचारून, सह्या घेऊन. एक अपघातामुळे बाहेर पडला, तो सोडा. उरलेल्या आठही जणांनी बँड सुटायच्या आधीच्या महिन्यात अँटिबायोटिकचा कोर्स घेतला होता."

"म्हणजे ताल गेला त्यांचा."

"ताल जायला सहा महिने लागतात, हातांना सवय असते. हे महिन्यात गेले. तुम्ही काढलंत त्यांना."

"दारू पिऊन यायचे. एक तर स्वतःला कोण समजायचा काय माहीत."

"तुम्हाला त्यांची किळस येत होती का?"



बाईंनी समजावून सांगितलं, अगदी शाळेत सांगतात तसं. तालगण आपल्या माणसाच्या घामाला आणि श्वासाला एक बारीक वास देतो. तो वास आपल्याला कळत नाही, नाकाला कळतो. रस्त्यावरच्या परक्याशी तालगणाला देणंघेणं नसतं. पण ज्याला आपला म्हणून ओळखलंय त्याचा वास बदलला, तर तो आतून घंटा वाजवतो. घरातलंच दूध नासलं की ढवळतं तसं. माणसाला पोटातून किळस येते आणि मेंदू मागाहून कारणं शोधत बसतो.

"तौसीफला काय झालं होतं?" सुकुमारने विचारलं.

बाईंनी कागद पाहिला. "टायफॉइड. जानेवारी सदतीस. चौदा दिवसांचा कोर्स."

तौसीफ हा बँडचा पहिला गिटारवाला. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनायच्या. दुकानाच्या माडीवर चौघांनी चार वर्षं काढली होती, एका डेगचीत भात शिजवून. टायफॉइडमधून उठून तो गाडीत बसला, आणि सुकुमारला त्याचं चावणं ऐकवेना. ओठांच्या कोपऱ्यातला पांढरा फेस बघवेना. निपाणीजवळ त्याने गाडी थांबवून सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "तुझ्या तोंडाला गटाराचा वास येतो. उतर." तौसीफ गिटार घेऊन उतरला होता. बँडने पत्रक काढलं, त्यात संगीतविषयक मतभेद असं छापलं.

सुकुमार त्याच दुपारी तौसीफच्या सतारीच्या कारखान्यात गेला. छताला वाळलेले भोपळे टांगलेले होते आणि तौसीफ एका भोपळ्याचं तोंड कापत बसला होता. चौदा वर्षांनी दिसलेला मित्र. सुकुमारच्या घशाशी कडू पाणी आलं.

"नाकाला रुमाल लावूनच आलायस," तौसीफ म्हणाला. "बस की मर्दा. घाण वाटत असंल तर दारात बस."

सुकुमार दारात बसला. तिथूनच त्याने सगळं सांगितलं, मध्ये दोनदा बाहेर जाऊन थुंकला. शेवटी म्हणाला, "तू परत ये. पाच नंबर वगैरे नको मला. एकवीस दिवस गोळ्या घे, आपण होतो तसे होऊ."

"म्हणजे तुला मी घाण वाटू नये म्हणून मी तुझी शी खायची."

"कॅप्सूल असते."

"साखर लावून देतेत का?"

"स्ट्रॉबेरीचा वास असतो."

तौसीफ हसला. मग हातातली करवत खाली ठेवून म्हणाला, "आरशापुढं बसून चावून बघायचो मी. आवाज येतोय का म्हणून. बायकोला रोज विचारायचो, वास येतोय का गं. ती कावली शेवटी. चौदा वर्षं मी बडीशेप खाल्ल्याशिवाय माणसात गेलो नाही. आणि आता तू सांगतोस, तुझ्या पोटातल्या किड्यांनी केलं ते." त्याने भोपळ्यातला भुसा झटकला. "किडे माझेबी होते की. माझे मेले. आता तुझे मार, मग ये."

सुकुमारने आठवडाभर विचार केला. एका पारड्यात तेवीस वर्षांचा बँड होता. दुसऱ्यात निपाणीच्या रस्त्यावर उतरलेला एक माणूस, ज्याला त्याने काही गुन्हा नसताना गटार म्हटलं होतं. स्वतःचीच शिसारी येऊन त्याला जेवण जाईना. शेवटी तो दातांच्या डॉक्टरकडे गेला आणि चौदा दिवसांच्या गोळ्या घेऊन आला.

त्याने कळवल्यावर बिडकरबाईंचा फोन आला. "घेऊ नका. तुमच्या मेळगोळ्या इथे गोठवून ठेवल्यात, बँडचं काही अडणार नाही. पण तुमचं सांगता येत नाही. तालगण एवढंच काम करतो असं नाही. बाकीचं आम्ही मोजलेलं नाही."

"मोजा मग," सुकुमार म्हणाला आणि पहिली गोळी घेतली.

सहाव्या दिवशी दाढेतला पू थांबला. नवव्या दिवशी तालमीत अक्षयाने आपलं स्टूल त्याच्यापासून लांब सरकवलं. अकराव्या दिवशी तिने त्याचा चहाचा कप चिमटीत धरून बाहेर ठेवला. बाराव्या दिवशी सगळे जण त्याच्यापुढे उभे राहिले. अक्षया म्हणाली, "सुकुमारदादा, तू हल्ली सगळ्यांना फार दाबतोस. आम्हाला मोकळं वाजवायचंय."

बोलताना तिच्या कानातून पिवळा थेंब मानेवर ओघळत होता आणि ती नाकाला ओढणी लावून त्याच्याकडे बघत होती. ही पोरगी पाच वर्षं त्याच्या हातचं जेवली होती. सुकुमारला राग यायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. त्याने काठ्या पिशवीत घातल्या. ड्रमरच्या जागेसाठी उमेदवारांच्या डब्या दुसऱ्याच दिवशी मागवल्या गेल्या. निवड झालेल्या पोराला सुकुमारच्याच गोठवलेल्या शीच्या कॅप्सूल सुरू झाल्या.

पंधराव्या दिवशी तो कारखान्यात गेला, तेव्हा तौसीफ जेवत होता. मसुरीची आमटी आणि भाकरी. सुकुमार सरळ आत जाऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसला.

"येतोय वास?"

"नाही."

"चावण्याचा आवाज?"

"येतो. काही वाटत नाही."

तौसीफने घास गिळला आणि वाट बघितली. सुकुमारही वाट बघत होता. माडीवरची खोली त्याला आठवत होती, डेगची आठवत होती, पहिल्या गाण्यानंतर दोघं गळ्यात पडून रडले होते तेही आठवत होतं. सगळं दुसऱ्या कुणाबद्दल वर्तमानपत्रात वाचल्यासारखं. समोर एक टक्कल पडलेला माणूस भाकरी मोडत होता. त्याच्याबद्दल सुकुमारच्या मनात वाईट काही नव्हतं. चांगलंही नव्हतं.

"काय शोधायलायस?" तौसीफने विचारलं.

"तू मला आवडायचास."

"ते गेलं असंल. त्याच किड्यांचं होतं ते." तौसीफ शांतपणे बोलत होता. "माझं तर टायफॉइडलाच गेलं. गाडीतनं उतरवलंस तेव्हा लई लागलं मला, पण ते अपमानाचं. तू सुटलास त्याचं काय वाटलंच नाही. मी विचार करायचो, आपण असा कसला माणूस."

"तुला माहीत होतं? मग मला किडे मार का म्हणालास?"

"चौदा वर्षं मी एकटाच असा होतो." तौसीफने बोटं चाटली. "म्हटलं, तुलाबी कळू दे."

बाहेर कुणीतरी सतारीची तार जुळवत होतं. दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. मग तौसीफने आपलं ताट त्याच्याकडे सरकवलं. ताटात अर्धी उष्टी भाकरी होती आणि आमटीत त्याच्या बोटांनी विरघळवलेला तुकडा तरंगत होता.

"एका ताटात जेवलं की दोन वर्षांत होतं म्हणतेत. बघायचं का परत?"

सुकुमारने ताटाकडे बघितलं. किळस येईल म्हणून तो थोडा थांबला. तीही आली नाही.