एका शब्दाचा साक्षीदार

क्षिप्राला एक शब्द सापडत नव्हता, आणि शब्द सापडला नाही की तिला भूक लागायची. म्हणून सप्टेंबरातल्या त्या शनिवारी ती कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात थालीपीठ मागवून बसली होती, आणि फोनवर वडिलांचं डोकं खात होती.

"बाबा, फाटलेलं नाही हो. फाटायच्या आधीचं. वापरून वापरून कापड इतकं पातळ होतं की पलीकडचं दिसायला लागतं... त्याला मराठीत काय म्हणतात?"

शांतारामराव केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षं दिल्लीत काढून निवृत्त झालेले. त्यांनी बराच विचार करून ‘घिसा हुआ’ असं उत्तर दिलं. ते हिंदी झालं, असं लेकीने सांगितल्यावर म्हणाले, मग आईला विचार, पण ती आत्ता देवळात गेली आहे.

"विरलेलं."

हा आवाज फोनमधून आला नव्हता. दुसरीकडे जागा नाही म्हणून समोरच्या खुर्चीवर येऊन बसलेल्या मुलाचा तो होता. तोंडात पोहे होते, आणि आपण बोलून गेलो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलेलं दिसत होतं.

"कापड विरतं," घास गिळून तो म्हणाला. "चप्पल झिजते. माणूस शिणतो. सॉरी हं, मला ऐकायचं नव्हतं. पण तुमचं बोलणं पार काउंटरपर्यंत पोचत होतं."

दुसरी एखादी असती तर लाजली असती किंवा चिडली असती. क्षिप्राने पर्समधून कोरं कार्ड काढलं आणि पेन सरसावलं.

ती दर्यागंजातल्या एका प्रकाशकाकडे इंग्रजी-मराठी कोशाचं काम करत होती. तिच्या वाट्याला आलेला शब्द होता ‘वोर्न’, म्हणजे वापरून विरलेला, झिजलेला, आणि माणूस असेल तर थकून गेलेला. कोशाचे संपादक यशोधनसर शिस्तीचे कडक. टेबलापाशी बसून रचलेलं वाक्य त्यांना चालायचं नाही. प्रत्येक मराठी शब्दाला खऱ्याखुऱ्या माणसाच्या तोंडून आलेलं वाक्य पाहिजे, खाली त्याचं नाव आणि गाव पाहिजे. अशा माणसाला ते साक्षीदार म्हणत. क्षिप्राची पंचाईत अशी, की ती दिल्लीतच जन्मली आणि वाढली. तिच्या मराठीत जेवायला वाढता येत होतं, रागावता येत होतं, पण कापडाबिपडाचे शब्द कधीच गळून गेले होते.

त्याचं नाव सुधन्वा. इचलकरंजीचा, घरी चार यंत्रमाग. कलेक्टर व्हायला म्हणून दिल्लीत आला त्याला पाच वर्षं झाली होती. मुनिरक्यात तिघांत एक खोली, दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन हात हलवत परत, आणि आता नुकतीच मुख्य परीक्षा देऊन निकालाची वाट बघणं. हे सगळं त्याने पोहे संपायच्या आत सांगून टाकलं.

"मग एक वाक्य द्या ना," ती म्हणाली. "विरलेलं हा शब्द घालून. फटाफट."

"आत्ता दिलं तर तुम्ही उठून जाल." त्याने शेवटचा घास उगाचच चमच्याने इकडे तिकडे केला. "पुढच्या शनिवारी देतो."

"अच्छा! म्हणजे तारीख पे तारीख?"

"साक्षीदार म्हणालात ना? मग तारखा पडणारच."

तारखा पडत गेल्या. शनिवारमागून शनिवार गेले आणि वाक्य काही मिळालं नाही. मिळू नये असंच दोघांना वाटत होतं, पण तसं कबूल कोण करणार? तो तिला शब्द द्यायचा. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे, आणि ते आडवे धागे इकडून तिकडे नेणारा धोटा. ती ते जिभेवर घोळवून बघायची. तिने ‘धोटा’ म्हटलं की तो हसायचा, कारण तिचा ‘ट’ थेट करोलबागेतून यायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी थंडीची पहिली चाहूल लागली. इंडिया गेटजवळच्या हिरवळीवर बसून शेंगा सोलता सोलता तिने त्याला आपल्या शब्दाची कुळकथा सांगितली. हा शब्द आला ‘वेअर’पासून, आणि ‘वेअर’ म्हणजे मुळात फक्त अंगावर घालणं. त्यात झिजणं नव्हतं, थकणं नव्हतं. माणसं शेकडो वर्षं नुसती कपडे घालत राहिली. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की जे रोज अंगावर असतं तेच पातळ होतं. तेव्हा त्या पातळ होण्यालाही त्यांनी तोच शब्द लावला. पुढे पायऱ्या तशा झाल्या, जोडे तसे झाले, आणि शेवटी दिवसभर राबून आलेला माणूसही.

"आणि त्याच्याही मागे गेलं ना," तिचा आवाज आपोआप खाली आला, "तर अभ्यासक म्हणतात, की हजारो वर्षांपूर्वीचं त्याचं मूळ आणि आपल्या ‘वस्त्र’ शब्दाचं मूळ एकच आहे. सेम. दोन भावंडं, एक तिकडे गेलं, एक इकडे आलं."

सुधन्वाच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्याने समोर पाहिलं. संध्याकाळच्या धुरकट उजेडात हजारभर माणसं फिरत होती, आणि प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही होतं. एवढ्या साध्या गोष्टीने त्याच्या अंगावर काटा आला.

"म्हणजे आमच्या मागावर जे विणतात ते, आणि हा तुझा शब्द... एकाच घरचे?"

‘तुझा’ हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा आला होता. तो दोघांनीही ऐकला, आणि न ऐकल्यासारखं करून शेंगांवर लक्ष दिलं. क्षिप्राचे कान मात्र चांगलेच तापले होते.

जरा वेळाने तो गवताकडे बघत म्हणाला, "पाच वर्षांत मी पार विरलोय गं. उजेडात धरलंस तर पलीकडचं दिसेल."

क्षिप्रा थक्क झाली. इतकं खरं वाक्य तिने आजवर एकाही कार्डावर लिहिलं नव्हतं. मेट्रोत बसल्या बसल्या तिने ते उतरवून काढलं, खाली नियमाप्रमाणे नाव आणि गाव घातलं, आणि सोमवारी सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी ते दोनदा वाचून मान डोलावली. सुधन्वाला विचारावं हे तिच्या मनातही आलं नाही. आपण त्याचा मानच करतो आहोत, असं तिला वाटत होतं.

डिसेंबरात मुख्य परीक्षेची यादी लागली आणि तिच्यात सुधन्वाचं नाव नव्हतं. त्याच आठवड्यात प्रकाशकाने जाहिरातीसाठी कोशाचं एक नमुन्याचं पान दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सोडलं, आणि नेमकं तेच पान. मुनिरक्याच्या खोलीत त्याचा मित्र अमोल ते मोठ्याने वाचत सुटला आणि निम्म्यात गप्प झाला. पान फिरत फिरत इचलकरंजीला पोचलं. पाच वर्षं प्रत्येक फोनवर ‘मजेत आहे’ म्हणणाऱ्या मुलाचं ते वाक्य आईने वाचलं आणि ती जेवेना. थोरल्या भावाने, हेरंबने, फोन करून एवढंच सांगितलं, की रविवारचं तिकीट काढलंय, ये निघून.

हे क्षिप्राला अमोलकडून कळलं. ती मुनिरक्याला गेली, आणि डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं असलेल्या त्या चिंचोळ्या गल्लीत उभी राहून तिने त्याला खाली बोलावलं. तो आला. रागावलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?" तो म्हणाला.

‘तुझा’चं पुन्हा ‘तुम्ही’ झालं होतं. तिने माफी मागितली. ते वाक्य छापील कोशात जाणार नाही, सरांना तसं सांगून आले, असंही सांगितलं. तो म्हणाला, वाक्य खरंच होतं, तुमची चूक नाही. शेवटी तिने धीर करून सांगितलं, की नवा साक्षीदार शोधायला ती शनिवारी पानिपतला जाणार आहे. तिथे जुन्या कपड्यांपासून सूत करण्याचा मोठा धंदा आहे, आणि तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"पानिपतला?" तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा किंचित हसला. "माझं घरबसल्या झालंय की."

पण शनिवारी सकाळी तो नवी दिल्ली स्टेशनवर हजर होता.

मराठी माणूस पानिपतला जातो तो लढाईची जागा बघायला, हात जोडायला. ही दोघं गेली एका गोदामात. दार सरकलं आणि क्षिप्राची पावलं उंबऱ्यातच थांबली. समोर डोंगर होते. छपराला टेकलेले स्वेटर, कोट, मफलर, शाली. एक डोंगर नुसता लाल, त्यामागे निळा, पलीकडे हिरवा. थंड मुलखातल्या लाखो माणसांनी अंगावरून उतरवलेले कपडे जहाजांनी इथवर आले होते, आणि पायथ्याशी ओळीने बसलेल्या बायका विळीसारख्या उभ्या पात्यांवर त्यांची बटणं, चेनी, अस्तरं काढून टाकत होत्या. ही सगळी माणसं कोण असतील, कुठे कुठे हिंडली असतील? तिच्या कार्डावरचा एवढासा शब्द छपरापर्यंत उभा होता.

सुधन्वा मात्र डोंगराशी गेला. त्याने हात कोपरापर्यंत आत घातला, एक बाही ओढून काढली, दोन बोटांत चुरगाळून पाहिली, आणि तिथल्या मुकादमाशी पीळ, धागा, मिसळ असं काहीबाही बोलायला लागला. पुस्तकांपुढे बसून वाकलेली त्याची पाठ इथे कशी सरळ झाली, ते क्षिप्रा बघत राहिली.

ओळीतली एक म्हातारी बाई दोघांकडे बघून हसली. क्षिप्राने तिला विचारलं, की चांगला माल कसा ओळखता. तिने एक राखाडी स्वेटर उजेडात धरला. कोपरावर लोकर इतकी विरली होती, की मागचं दार आरपार दिसत होतं.

"ये देखो बेटी. किसी ने जी भर के पहना है इसको," ती म्हणाली. मग बाजूच्या ढिगातून तिने एक कोरा करकरीत कोट उचलला, किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच लटकत होती. "और ये अभागा. किसी ने एक दिन भी नहीं पहना."

आणि तिने तो कोट त्याच पात्यावर टरकावला.

परतीच्या गाडीला अवकाश होता. पानिपतच्या फलाटावर हिवाळ्यातलं ऊन पडलं होतं, आणि बाकावर मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून दोघं बसली होती. सुधन्वाच्या केसांत लोकरीचे तांबडे तंतू अडकले होते. उद्या रविवार. क्षिप्राला माहीत होतं, की आत्ता गप्प बसलो तर जन्मभर गप्प बसावं लागेल.

"तुझं नाव छापलं ही माझी छोटी चूक," ती म्हणाली. "मोठी वेगळीच आहे. तू बोललास तेव्हा मी वाक्य ऐकलं. तुला नाही ऐकलं."

त्याने केसांतला एक तांबडा तंतू काढला आणि बोटांत पिळला.

"तुला वाटतं तू वाया गेलास. बिल्कुल नाही, यार. कपाटात पडून राहिलेलं विरत नाही, सुधन्वा. तू पाच वर्षं स्वतःला रोज बाहेर काढलंस. रोज."

"आणि मिळालं काय? अजून एक संधी उरलीय, पण ती द्यायची ताकद आहे की नाही तेच कळत नाही. अधिकारी होईन असं काही मी आता कुणाला सांगू शकत नाही. तुम्हाला तर..."

"आमच्याकडे आईची एक पैठणी आहे," तिने त्याला मध्येच तोडलं. "ठेवणीतली. वर्षातून एकदा ऊन दाखवायचं, कौतुक करायचं, परत घडी. मला लहानपणापासून तिची भीती वाटते. मला ठेवणीतला माणूस नकोय. मला रोजचा हवाय." थांबायचं नाही असं तिने ठरवलं होतं. "परीक्षा दे नाहीतर नको देऊस, मागावर बस, मला चालेल. मला तू रोज हवा आहेस. विरलेला. आणि मला तुम्ही म्हणू नकोस, प्लीज."

समोरून एक मालगाडी गेली. ती संपेपर्यंत काही बोलणं शक्यच नव्हतं, आणि ती बरीच लांब होती. सुधन्वा डब्यांकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, सकाळी तिने त्या डोंगरांकडे पाहिलं तसा, जणू एवढं मोठं काही आपल्यासमोर उभं असेल यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

"उद्या मला जावंच लागेल," गाडी संपल्यावर तो म्हणाला. "आईसमोर बसायचंय. ते वाक्य खरं होतं, हे तिला माझ्या तोंडून कळायला पाहिजे."

"जा ना. जायलाच पाहिजे."

"आणि तू आत्ता म्हणालीस ते राहिलेलं अर्धंही सांगतो तिला." तो सरकला. मधली जागा संपली. त्याने फोनवर रेल्वेचं पान उघडलं आणि फोन तिच्या हातात दिला. "येतानाचं तिकीट काढलेलं नाही. तारीख तू घाल. रोजचा हवाय म्हणालीस, तर जवळची बघ."

क्षिप्राने जवळातली जवळची मोकळी तारीख शोधली. घाईघाईत तिच्याकडून दोनदा भलताच आकडा दाबला गेला. तिसऱ्या वेळी त्याने तिचं मनगट हलकेच धरलं, आणि तारीख दोघांनी मिळून दाबली.