उजवीकडची सीट

हर्नडनला १९८४च्या त्या जानेवारीत रोज सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा थर जमायचा, आणि त्र्यंबक तो स्वयंपाकघरातल्या उलथन्याने खरवडायचा. अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली, पण हा गडी स्क्रेपर विकत घेईल तर शपथ. खरवडताना तोंडाचा पट्टा चालूच. पोलिसाला शिव्या, बर्फाला शिव्या, आणि मेलेल्या माणसालासुद्धा.

मेलेला माणूस म्हणजे शैलेंद्र, त्याच्या धाकट्या बहिणीचा, संध्याचा नवरा. पुण्याहून येऊन जेमतेम महिना झालेला. नाताळाच्या आधी एका सकाळी दोघं कामावर निघाले होते, गाडी त्र्यंबक चालवत होता, शैलेंद्र शेजारी, म्हणजे इथे उजवीकडच्या सीटवर. समोरून एक ट्रक घसरत त्यांच्या लेनमध्ये आला. इथे अशा वेळी माणूस उजवीकडे घेतो. यांची गाडी डावीकडे वळली, थेट ट्रकच्या पुढ्यात, आणि सगळा मार शैलेंद्रच्या बाजूला बसला. पोलिसाने रिपोर्टात लिहिलं, दोष बर्फाचा नाही, चालवणाऱ्याचा.

त्र्यंबकची तळपायाची आग मस्तकाला गेली. डावीकडे घ्यायची खोड पुण्याची, म्हणजे परवा आलेल्या शैलेंद्रनेच स्टिअरिंग ओढलं असणार. असणार, असणार म्हणता म्हणता ते ‘ओढलंच’ झालं. पुण्यात आपणही दहा वर्षं डावीकडूनच स्कूटर हाकली, हे त्याने स्वतःला आठवूच दिलं नाही. त्र्यंबकचं लायसन्स जाणार होतं, कदाचित तुरुंगवासही घडला असता. संध्याने कोर्टात एवढंच सांगायचं होतं, की नवऱ्याला मध्येच स्टिअरिंगला हात घालायची सवय होती.

संध्या हूं की चूं करेना. त्याने तो आणखीच भडकला. सख्ख्या भावासाठी दोन वाक्यं बोलायला हिचं काय जातं, म्हणे!

अपघातात गाडीचं उजवं दार चेपून बसलेलं, ते उघडायचंच नाही. तरी पुढच्या काचेवर, त्या सीटसमोर, आतून एक पांढरा गोठलेला डाग दिसला. त्याने तो पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी दोन डाग. तिसऱ्या दिवशी त्यांना बोटं फुटली. धक्का सोसायला टेकवावेत तसे दोन पंजे, फाकलेले. डाव्या पंजाचं मधलं बोट अर्धंच होतं. शैलेंद्रचं तेवढं बोट कारखान्यात, लेथवर गेलं होतं.

त्र्यंबक इंजिनिअर. हाताचा तेलकटपणा काचेवर राहतो, थंडीत वाफ त्यावर गोठते, असा त्याने हिशेब लावला. मग अमोनिया घालून काच धुतली, दोनदा. सकाळी पंजे जागच्या जागी.

कोर्टाच्या दिवशी संध्या मागे बसली. बराच वेळ ती पुढच्या काचेकडे बघत राहिली.

“दादा,” ती म्हणाली, “त्यांचे दोन्ही हात तर इथे आहेत.”

“गप्प बस. मेलेल्यासाठी जिवंत भावाला बुडवशील?”

ती गप्प बसली. कोर्टातही. त्र्यंबक मात्र उभा राहिला आणि शपथेवर बोलला. शैलेंद्रने डावा हात घालून स्टिअरिंग ओढलं. हे त्याने इतकं ठासून सांगितलं, की न्यायाधीशांनी मान डोलावली. सुटला.

संध्या त्याच्याबरोबर परतली नाही. चालत निघून गेली. जाऊ दे गेली तर, असं म्हणत तो तणतणत गाडीकडे आला. गाडीला कुलूप होतं.

आत बसून त्याने उजवीकडे पाहिलं. काचेवर एकच पंजा होता. उजवा.

चला, पुसलं जातंय एकदाचं. त्याने गाडी रस्त्यावर काढली. बर्फ पुन्हा भुरभुरायला लागलं होतं.

वळणावर ट्रकचे दिवे दिसले. तो उजवीकडे घ्यायला गेला.

स्टिअरिंग हलेना.

त्याने खाली पाहिलं. त्याच्या हातांशेजारी, स्टिअरिंगवर, पांढरी बोटं घट्ट आवळलेली होती. मधलं अर्धंच.