मागे कोणी नसताना

या घटनेत माझा वाटा एवढाच, की गेल्या जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी रात्री त्या गाडीत भाच्याशेजारी मी बसले होते. तुम्हा मुलांना भुताची गोष्ट हवी आहे. मी पाहिले तेवढेच सांगेन.

गाडी स्वतःच चालणारी. माझ्या धाकट्या भावाची हयात बसडेपोत गेलेली. मुलाची गाडी गल्लीत मागे येऊ लागली, की तो हटकून तिच्यामागे उभा राहून हात हलवायचा. "येऊ दे… येऊ दे…"

"बाबा, तिला आठ डोळे आहेत," भाचा चिडवायचा.

"डोळे असतील रे. नजर आहे का?"

त्या शनिवारच्या वर्षभर आधी एका रात्री गाडी अशीच मागे आली आणि थांबली नाही. भाऊ गेला. कंपनीने कळवले, की यंत्र निर्दोष आहे. आत बसलेल्याने मागे वळून पाहायला हवे होते. गाडीतल्या पडद्यावर मागे कोणीच दिसत नव्हते, असे भाचा सांगत राहिला. भावजयीला ते पटले नाही. तेव्हापासून तिने मुलाशी बोलणे टाकले. दोष सर्वस्वी आपला, अशा कबुलीवर तो सोमवारी सही करणार होता.

"कुणाचा तरी असायलाच हवा ना, आत्या," एवढेच म्हणाला.

तपासणीतून सुटलेली गाडी आणायला आम्ही गेलो होतो. वाटेत काहीही घडले नाही. घराशी आल्यावर ती वळली, गल्लीत मागे सरकू लागली…

थांबली.

पडद्यावर, गाडीच्या मागे, एक माणूस होता. यंत्र रेखाटते तशी करडी आकृती. तिचा हात हलत होता.

मी वळून पाहिले. दिव्याखाली गल्ली रिकामी.

भाचा उतरला. मागे जाऊन उभा राहिला. पडद्यावर दोन आकृत्या झाल्या. शेजारी शेजारी.

गाडीच्या आवाजाने भावजय बाहेर आली होती. मी पडद्याकडे बोट दाखवले. ती वाकली.

"जिवंत होते, तेव्हा हिला दिसले नाहीत," ती मला म्हणाली. "आणि आता…"



पडद्यावर एकच आकृती उरली. भाच्याची.

सकाळी गाडीच्या मागच्या चाकाला वीट लावलेली होती. आमच्यापैकी कोणी लावली नव्हती. उतारावर गाडी उभी असली, की भाऊ लावायचा तशीच, आडवी.

चहाच्या वेळी भावजय मुलासमोर येऊन बसली.

"सही करू नकोस, बाळा."

"वळून मी पाहिलं नाही, आई. तेही लिहावं लागेल."

"ते लिही. पडदा रिकामा होता, हेही लिही."

दोन्ही लिहायचे ठरले. वीट हलवायची नाही, हेही. आम्ही तिघांनी होकार दिला.